दुचाकीवाल्याची मुंबई

माघात श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावात पालख्या येऊ लागल्या, की मंदिराकडे वाहने सोडत नाहीत. आपली फटफटी कुठेतरी कडेला लावायची नि पायी चालू लागायचे. त्याचे कोणाला काही वाटत नाही. गर्दी ओसरली, की रस्ता मोकळा. पण जो रस्ता मोटारीला बारा महिने खुला आणि फटफटीला बारा महिने बंद, असाही रस्ता असतो, हे माझ्या भाच्याला मुंबईत गेल्यावर कळले.

पोराला फोर्टात नोकरी लागली, राहायची सोय चेंबूरला झाली. गाडी रेल्वे पार्सलने न्यायची म्हणजे टाकीतले पेट्रोल काढा, गोणपाटात बांधा, कागदांच्या नकला द्या. ते सारे त्याने निगुतीने केले. पहिल्या दिवशी फोनमधला नकाशा पाहून निघाला, तर नकाशाने त्याला नेऊन उभे केले पूर्व मुक्त मार्गाच्या तोंडाशी. २०१३ साली सुरू झालेल्या या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे! नकाशात दुचाकीचा मार्ग वेगळा निवडावा लागतो, हे त्याच्या गावीही नव्हते.

मग तो मला फोनवर म्हणाला, “मामा, इथं रस्ते दोन मजली आहेत, आणि आपण तळमजल्याचे भाडेकरू.”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये उघडला, तो दुचाकीला बंद. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू झाला, मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग झाला, तेही बंद. एवढेच कशाला, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून मेहकरवरून जाणारा समृद्धी महामार्ग घ्या ना. तिथेही मोटारसायकल चालत नाही.

अशी मनाई करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने सरकारला दिला आहे. रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप पाहून, लोकांच्या सुरक्षिततेसाठी, एखाद्या जातीच्या वाहनाला तो बंद करता येतो. महिनाभराच्या आतली मनाई असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. तेव्हा कालचा खुला रस्ता आज बंद दिसला, तर फलकावर विश्वास ठेवावा, नकाशावर नव्हे.

आता तुम्ही विचाराल, कारण काय? समुद्रावरच्या पुलाचे कारण पटण्यासारखे आहे. चार चाकांची गाडी जमिनीवर बसलेली असते. दोन चाकांची गाडी तोलावर चालते. पुलाच्या कठड्यापलीकडून आडवा वारा आला, की मोटार जराशी हलते, फटफटी मात्र हातभर सरकते. आणि त्याच हातभर जागेतून मागची मोटार भरधाव येत असते. शंभर सीसीच्या गाडीने तिच्या वेगाशी बरोबरी करायची तरी कशी?

जे. जे. उड्डाणपुलाची गोष्ट निराळी. भायखळ्याकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारा हा सुमारे अडीच किलोमीटरचा वळणावळणाचा पूल २००२ मध्ये खुला झाला आणि अपघात होऊ लागल्यावर २०१० मध्ये दुचाकीला बंद करण्यात आला. रात्री मोकळ्या पुलावर पोरे गाड्या कशा पळवतात हे पाहिले, की बंदी योग्य वाटते. पण दिवसा? वर मोटारी मुंगीच्या पावलाने चालतात, आणि दुचाकीवाला खाली मोहम्मद अली रोडवर हातगाड्या, बस, टेम्पो आणि रस्ता ओलांडणारी माणसे यांच्यातून वाट काढतो. वरचा धोका टळतो हे खरे. पण खालचा धोका कोणी मोजायचा? दिवसापुरती तरी याची फेरतपासणी व्हावी, असे मला वाटते.

मात्र खरी भीती आणखी एका गोष्टीची आहे. उड्डाणपूल बहुधा रस्त्याच्या मधोमध वर चढतो आणि खालची वाट डावीकडे फुटते. नवखा माणूस मधल्या रांगेत असतो. फलक दिसेपर्यंत तो चढणीला लागलेला असतो, मागून गाड्या कर्णे वाजवत असतात. पुढे टोकाला पोलीस दिसला, की दंडाच्या धास्तीने तो गाडी वळवतो आणि समोरून येणाऱ्या मोटारींच्या तोंडात उलटा उतरू लागतो. काहीशे रुपयांपायी! म्हणून पुलाच्या बऱ्याच अगोदर डावी बाजू धरावी. तरीही चुकून चढलातच, तर वळू नका, मध्ये थांबू नका. डावीकडून बेताने टोकापर्यंत जा आणि पोलीस सांगेल तो दंड भरा. माझ्या भाच्याने दुसऱ्याच आठवड्यात असा दंड भरला. घरी सांगायला पोरगा लाजला, पण मी म्हटले, “शाबास, बापू!”

आता तो सायन, दादर, परळ, भायखळा असा खालच्या रस्त्यानेच जातो. घरून अर्धा तास लवकर निघतो, शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली आवळून घेतो. पावसाळ्यात हिंदमाताजवळ पाणी साचले, की गाडी चेंबूरलाच ठेवतो आणि हार्बरची लोकल धरतो.