वृद्धाश्रमात गेल्यावर मुलांकडून निर्वाह भत्ता मिळतो का?

वर्धा : आई-वडील वृद्धाश्रमात गेले की मुलांची जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसेल तर दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मागता येतो.

अर्ज कुठे? उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी असे तीन उपविभाग आहेत.

स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर? ज्येष्ठांनी अधिकार दिल्यास नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते.

शेत मुलाच्या नावे केले असेल तर? सांभाळाच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र, सांभाळ न झाल्यास रद्द होऊ शकते. त्यामुळे ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या.

हेल्पलाइन : १४५६७ (टोल फ्री)