साखर आणि मन (लेखांक ११) : रोवणी केली, मग चालायचं कशाला?

आज झोपेविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सावलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढे जाणं मला जमत नाही. त्या लिहितात, "तुम्ही दर लेखात चाला म्हणता. मी रोवणीला गेले, दिवसभर चिखलात वाकून. त्या दिवसांत शुगर खाली आली हे खरं. पण मन काही लागत नाही. मेहनतीनं मन हलकं होते म्हणता, तर माझं का नाही झालं जी?"

व्याहाडपासून मूलपर्यंत कुठल्याही धानपट्टीच्या गावात हा प्रश्न ऐकू येतो. शहरातल्या डॉक्टरांनी "व्यायाम करा" म्हटलं की बाई मनातल्या मनात म्हणते, आम्ही दुसरं काय करतो? तिचं म्हणणं रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

आधी साखरेचं. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाही. स्नायू आकुंचन पावला की साखर आत नेणारे वाहक, ग्लुट-४ त्यांचं नाव, पेशीच्या पृष्ठभागावर येतात. तुम्ही पऱ्हे रोवता की मैदानावर धावता, मजुरी मिळते की मिळत नाही, याच्याशी स्नायूला काही देणंघेणं नाही. काम थांबल्यावरही इन्सुलिन काही काळ जास्त चांगलं काम करतं, पण हा गुण साधारण एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेहाचे डॉक्टर सांगतात की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

आता आपल्या भागातलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाच्या सुरुवातीला पऱ्हे, जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्यांच्या बांधीला कालव्याचं किंवा तलावाचं पाणी नाही त्यांना दुसरं पीक नाही. कामाचे दिवस असे तुकड्यातुकड्यांनी येतात, ताटातला भात मात्र बारा महिने दोन्ही वेळा तेवढाच असतो. जुलैत उतरलेली शुगर जानेवारीत चढलेली सापडते ती यामुळे. ताईंच्या रोवणीने त्यांचं भलं केलं, पण ते रोवणीपुरतंच.

मनाचं गणित निराळं आहे. नॉर्वेतल्या एका जिल्ह्यात 40,401 माणसांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. फावल्या वेळात चालणाऱ्या-फिरणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी आढळलं, अगदी हलकं, घामही न येणारं फिरणं असलं तरी. नोकरी-मजुरीतल्या शारीरिक कष्टांशी मात्र तसा संबंध दिसला नाही. यावर शंका येते की उदास माणूस फिरायलाच जात नसेल, म्हणून आकडे तसे दिसत असतील. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या अभ्यासात, 2017 साली, सुरुवातीला धडधाकट असलेल्या 33,908 जणांचा अकरा वर्षांचा माग होता. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य येण्याची शक्यता आठवड्याला एक-दोन तास व्यायाम करणाऱ्यांपेक्षा 44 टक्क्यांनी जास्त निघाली. आठवड्याला एक तास! रोवणीतल्या एका सकाळीही त्याहून जास्त मेहनत होते.

फरक पडतो तो कशाने? अनेक वर्षं हे वाचून आणि माणसं पाहून माझं मत झालं आहे की मुख्य फरक मुखत्यारीचा आहे. रोवणीत थांबायचं कधी हे पाऊस ठरवतो आणि मालक ठरवतो. कंबर मोडली तरी ओळ पुरी करावी लागते, आणि डोक्यात बचतगटाचा हप्ता असतो. शरीर थकतं, पण आपण आपल्यासाठी काही केलं ही भावना वाट्याला येत नाही. स्वतःहून घेतलेली अर्ध्या तासाची फेरी छोटी असली तरी ती त्या बाईची स्वतःची असते.

गोव्यातल्या एका प्रयोगाने हे मला जास्त पटवलं. संगत या संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर तो केला आणि 2017 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेले, गावातलेच प्रशिक्षित समुपदेशक सहा-आठ भेटींत एवढंच करत, की माणसाने सोडून दिलेल्या कोणत्या गोष्टी पुन्हा सुरू करता येतील ते त्याच्यासोबत ठरवायचं आणि पुढच्या भेटीत विचारायचं. शेजारणीकडे जाणं, देवळापर्यंत चालणं, शिवण हातात घेणं. मन बरं झालं की करू, असं म्हणायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्या गटातले 39 टक्के.

सावलीकरांना एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीत भरलं आणि गांधीजी इथे आले. नुकतेच ते रक्तदाबाच्या दुखण्यातून उठले होते. अंगमेहनतीशिवाय खाल्लेली भाकरी चोरीची, असं मानणारा हा माणूस. पण रोजचं फिरणंही ते करत. सूतकताई वेगळी आणि सकाळ-संध्याकाळचं चालणं वेगळं. अंगमेहनतीचा एवढा कैवारी जर फिरण्यासाठी निराळा वेळ काढत होता, तर रोवणी करणाऱ्या बाईनेही तो मागावा.

ताईंनी पत्रात आणखी एक वाक्य जाता जाता लिहिलं आहे : "मी तर वाळकी, मला शुगर कशी?" इथे मला सुश्रुत आठवतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या रोगाच्या, गरीब रोग्याला सांगितलं आहे की अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजनं चालत जा. कुणाला विहीर खणायला सांगितलं आहे. व्यायामाचं इतकं कडक औषध त्या काळी दुसरं क्वचितच कुणी लिहिलं असेल. पण त्यातच तो बजावतो की कृश रोग्याला मात्र सतत जपा. जाड्याला झिजवा, वाळक्याला राखा. हा भेद आजही दवाखान्यात विसरला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण आहे. सुश्रुताचा कृश रोगी आणि याज्ञिकांचा बारीक माणूस एकच नव्हेत, हे मी जाणतो. तरी वाळक्या माणसाला उपाशी ठेवून पळवू नये, हा धडा दोन्हीकडून निघतो. त्याला डाळ, अंडं, मासोळी वाढवायला हवी. आणि अनवाणी चालण्याचा सुश्रुताचा सल्ला मधुमेह्याने पाळू नये. पायाची बधिरता, चिखल्या आणि धसकट यांतून झालेली जखम लवकर भरत नाही.

एक धोकाही सांगतो, कारण तो रोवणीशीच जोडलेला आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, चहा-पोळीवर बाई चिखलात उतरते. दुपारी बारापर्यंत साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, जीव घाबरतो, रडू येतं. घरचे म्हणतात, हिचं मनच कमजोर आहे. अशा वेळी साखरेचं पाणी आधी पाजा, मनाचं नंतर बघू. पदरात गूळ किंवा ग्लुकोज बिस्किटं बांधून नेल्याशिवाय रोवणीला जाऊ नका, आणि कामाच्या दिवसांत गोळीची मात्रा तीच ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

मग चालायचं कधी? जेवणानंतर. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये 41 मधुमेह्यांवर केलेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. भात खाणाऱ्यासाठी मला यापेक्षा स्वस्त उपाय माहीत नाही. दोघी-तिघी मिळून चालल्या तर मनाचंही काम त्यातच होतं. मात्र पंधरा दिवस मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर फेरीवर विसंबू नका. आशाताई तिशीनंतरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न असतात. त्यांची उत्तरं लाजून "नाही" अशी देऊ नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही उचलला जातो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता शेवटची अडचण, जी पुण्या-मुंबईच्या लेखांत कधी येत नाही. सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या तालुक्यांत वाघाने माणसं मारली आहेत. अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरा असं मी कुणालाही सांगणार नाही. फेरी वस्तीतच व्हायला हवी, आणि त्यासाठी उजेड हवा. ग्रामपंचायतींना आणि नगरपंचायतीला माझी विनंती आहे : हिवाळा लागण्याआधी शाळेच्या पटांगणावर दिवे लावा, कडेची झुडपं साफ करा आणि रात्री सात ते नऊ फाटक उघडं ठेवा. बायकांनी हा विषय येत्या ग्रामसभेत मांडावा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवावं.