अक्षर दिसते, पण ऐकू येते का?

मोबाइलवरून बँकेत खाते उघडताना ओळख पटवण्याची जी रीत आता रूढ झाली आहे, तिच्यात अनेकदा कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, याची खातरजमा करण्याचा हा मार्ग. पण अ‍ॅसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी काय करावे? ज्यांना दिसत नाही, त्यांनी आपला चेहरा पडद्यावरच्या चौकटीत नेमका कसा आणावा? हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला.

या विषयासाठी सरकारी कागदांतून ‘सुगम्यता’ हा शब्द रुळला आहे. जिन्याशेजारचा उतार आपल्याला दिसतो, म्हणून त्याची सुगम्यता चटकन कळते. संकेतस्थळाचा उतार मात्र आत, न दिसणाऱ्या भागात असतो. तो कसा असतो हे समजून घेतले, तर मराठी मजकुराच्या बाबतीत आपण काय करून ठेवले आहे हेही उमगते.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यावरचे ती बोलून दाखवते. ‘एनव्हीडीए’ ही अशी विनामूल्य प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतली. आज ती जगभर वापरली जाते. स्मार्टफोनमध्ये तर अशी सोय मुळातच दिलेली असते. ही प्रणाली पडद्याचे चित्र बघत नाही, हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. ती ब्राउझरला विचारते : इथे काय आहे, त्याचे नाव काय, ते सध्या कोणत्या स्थितीत आहे? पान रचणाऱ्याने बटणाला बटण म्हणून नोंदवले असेल, तर ‘अर्ज पाठवा, बटण’ असे ऐकू येते. त्याने नुसती चौकट रंगवून तिला बटणाचे रूप दिले असेल, तर ते बटण आहे हे डोळ्यांना कळते, कानांना नाही.

अर्जातल्या रकान्यांचेही तसेच. रकान्याशेजारी ‘आडनाव’ असे लिहिलेले असते, पण ते शब्द आणि तो रकाना यांची गाठ आत मारलेली नसेल, तर ‘रकाना, रिकामा’ एवढेच कानावर पडते. असे बारा रकाने ओळीने आले की कुठे काय भरायचे, हा अंदाजाचा खेळ होतो. गाठ मारायला संकेतलेखकाला एक ओळ पुरते. चित्राला शब्दांत वर्णन जोडायलाही तेवढीच.

या साऱ्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली. २०२३ साली आलेल्या २.२ या आवृत्तीपर्यंत त्यांचा विस्तार होत गेला. मजकूर जाणवला पाहिजे, हाताळता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकला पाहिजे, ही त्यांची चार सूत्रे. ती केवळ अंधांसाठी नाहीत. ज्याचे हात कापतात त्याला माउसशिवाय, नुसत्या कळफलकावर सगळे करता यावे. बहिऱ्या व्यक्तीला चित्रफितीतले बोलणे अक्षरांत वाचता यावे. मंददृष्टीच्या माणसासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, अशा तरतुदी त्यांत आहेत. सावकाश वाचणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा, हेही त्यांत आले.

हे नियम कुठल्याही भाषेला लागू पडतात. मराठीपुढे मात्र त्यांच्या आधीची एक पायरी आहे : अक्षर हे अक्षर म्हणून साठवलेले असणे.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही क्रमांकपद्धती होती. तिच्या १९८८च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली आणि १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. पण छपाईसाठी पाने लावणाऱ्या प्रणालींना जोडाक्षरे घडवता येत नव्हती. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी तोडगा काढला. काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे केले आणि ते रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले. ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘क’ हा रोमन ‘डी’च्या जागी आहे आणि ‘र’ हा ‘जे’च्या. त्यामुळे त्यात टंकलेला ‘कर’ हा शब्द कागदावर चोख उमटतो, पण स्क्रीन रीडरला तिथे ‘डीजे’ सापडतो. पुढची सगळी कादंबरी याच बोलीत!

त्या काळात हा तोडगा गरजेचा होता आणि त्यावर मराठी मुद्रणाची कित्येक वर्षे निघाली. अडचण अशी की तेव्हाचा मजकूर त्याच रूपात साठून राहिला, आणि जुन्या सवयीमुळे आजही त्यात भर पडते. आपल्या हातातली पीडीएफ कशी आहे, हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. तिच्यातली एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवावी. रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर ती पीडीएफ अंध वाचकासाठी बंद आहे. ओळ उचलताच आली नाही, तर ते पान म्हणजे नुसते चित्र आहे. ज्यात अक्षरे शोधता येत नाहीत, त्यात संशोधकालाही काही शोधता येत नाही. तेव्हा हे नुकसान एकट्या अंध वाचकाचे नव्हे.

अक्षरे युनिकोडमध्ये असली, तरी आणखी एक नोंद लागते : हे पान मराठी आहे, अशी. देवनागरी हिंदीचीही लिपी. ही नोंद नसेल, तर मजकूर हिंदी आवाजाच्या हाती जाऊ शकतो. मग ‘ज्ञानेश्वरी’ची ‘ग्यानेश्वरी’ होते आणि ‘कृपा’ची ‘क्रिपा’. मराठी बोलणारे यंत्र-आवाज आज उपलब्ध आहेत, तेही विनामूल्य. त्यांना काम सांगणारी ती छोटी नोंद तेवढी राहून जाते. अर्थात मराठी आवाजाचेही सगळे भागत नाही. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ लिहायला एक, बोलायला दोन. यंत्राला हे शब्दागणिक शिकवावे लागते. ते काम मराठी जाणणाऱ्यांनीच करायला हवे.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा, अशी जबाबदारी सरकारवर टाकली. कायद्याचा रोख सेवांवर, अर्जांवर, बँकांवर असतो आणि तो तसा असायलाच हवा. पण पोटापाण्याच्या अर्जापलीकडे माणसाला कथा हवी असते, वाद हवा असतो, आपल्या भाषेतला विनोद हवा असतो. त्याची तजवीज न्यायालयाच्या आदेशाने होणार नाही.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून सांगितली जाते. शतकाहून मोठ्या या ठेव्यातले जे अंक आता महाजालावर येत आहेत, त्यांतले पुष्कळसे पानांची छायाचित्रे आहेत. छायाचित्रांतून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता देवनागरीही वाचतात, पण त्यांच्या चुका सुधारायला माणूस बसावाच लागतो. जुने अंक असे एकेक करून सोडवावे लागतील. नव्या अंकांबाबत मात्र कुणाला एवढे कष्ट नाहीत. संपादकांनी मुद्रकाकडून छपाईच्या फाइलबरोबर युनिकोडमधला मजकूरही मागून घ्यावा, आणि वर्गणीदारांनी संपादकांना तो मागावा.