दोर नवा, पण कडी गंजकी!

शेतकरी बंधूंनो, माल भरण्याआधी जुन्या पिकअपच्या हौद्याभोवती एक फेरी मारा. दोर आपण नवा आणतो, पण तो ज्या कडीला बांधायचा तीच गंजून पातळ झालेली असते. हातोडीने ठोकून बघा. पापुद्रे सुटले, तर वेल्डरकडून नवी कडी पत्र्याला नव्हे, हौद्याखालच्या मजबूत चॅनेलला बसवून घ्या. फाळक्याच्या खिट्टीवर मालाचा भार टाकू नका.

जड गोण्या खाली आणि केबिनला टेकून लावा. फट राहिली, की ब्रेक मारताच माल पुढे धावतो. दोर फुलीसारखा तिरपा घ्या. पत्र्याच्या धारेवर पोत्याची घडी ठेवा, नाहीतर दोर कापतो. नायलॉनचा दोर ताणला जातो, क्रेट खाली बसतात. म्हणून चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. ताडपत्री धूळ-पावसासाठी असते, माल धरण्यासाठी नव्हे. मालावर मजूर तर बसवूच नका.

माल ठरलेल्या मर्यादेबाहेर डोकावला, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर गोणी पडली, तर ते नुकसान कोणत्या पट्टीतून भरून काढणार?