आपल्या शिवाराचा नकाशा कोणी काढावा?

सन १८५२ मध्ये सरकारी मोजणीचे कामगार साखळ्या व निशाणे घेऊन खानदेशच्या शिवारांत उतरले, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या बाजूंचे शेतकरी मोठ्या संख्येने जमून त्यांच्या आड आले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. सरकारने फौज आणून तो विरोध मोडला, पुढाऱ्यांस धरले आणि मोजणी पुरी केली. त्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची व सोळा आण्यांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज आपण जे सर्व्हे नंबर, जे गट आणि जे बांध धरून चालतो, त्यांचे मूळ त्या कामात आहे.

हा जुना इतिहास येथे सांगण्यास कारण आहे. त्या मोजणीने कोणाची जमीन किती व तिचा सारा किती एवढे चोख लिहून ठेवले. परंतु शिवारात ज्या गोष्टी सर्वांच्या असतात, त्यांची दखल तिने आपल्या गरजेपुरतीच घेतली. पावसाळ्यात गाडी कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या वाटेने रुतते, कोणत्या नाल्यास माघापर्यंत पाणी असते, कोणत्या वस्तीस लोक काय नावाने हाक मारतात, हे त्या कागदांत शोधून सापडत नाही. ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्याबरोबर दर वर्षी थोडे थोडे नाहीसे होत आहे. ते टिपून ठेवण्याचे एक साधन आता सर्वांस मोकळे झाले आहे. त्याचा उपयोग कसा करावा, आणि कोठे करू नये, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात वाचकांपुढे मांडीत आहो.

हे साधन म्हणजे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा खुला नकाशा होय. सन २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट ह्या गृहस्थांनी तो इंग्लंडात सुरू केला. तेथील सरकारी नकाशे लोकांच्या पैशाने तयार होत. परंतु त्यांचा उपयोग करावयाचा तर लोकांनाच पुन्हा पैसे मोजावे लागत. ह्यावर त्यांनी असा उपाय योजिला की, ज्याने त्याने आपला रस्ता, आपली गल्ली, आपला ओढा स्वतः चालून नोंदावा आणि सर्वांच्या नोंदींचा मिळून एक नकाशा व्हावा. आज जगभरचे लोक त्यात भर घालतात. त्याचा उपयोग कोणीही फुकट करावा. मात्र तो कोठून घेतला हे सांगावे आणि त्यात केलेल्या सुधारणा पुढे द्यावयाच्या तर त्याच मोकळीकीने द्याव्या, एवढीच त्याची अट आहे. दिनांक १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा कामापुरता नकाशा उपलब्ध नव्हता. निरनिराळ्या देशांतील शेकडो लोकांनी विमानातून व उपग्रहांतून घेतलेली चित्रे समोर ठेवून थोड्याच दिवसांत तो ह्याच पटावर उभा केला, आणि मदत पथकांनी तो वापरला. सन २०१८ च्या ऑगस्टात केरळात महापूर आला, तेव्हाही ह्या नकाशात भर घालण्यासाठी स्वयंसेवक धावले.

आपल्या देशात नकाशे करण्यावर पूर्वी पुष्कळ बंधने होती. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेल्या मार्गदर्शक नियमांनी ती बरीच सैल केली. भारतीय नागरिकास व भारतीय संस्थेस नकाशा तयार करण्यास वा प्रसिद्ध करण्यास आता पूर्वपरवानगी लागत नाही. संरक्षणाशी संबंधित ठिकाणांविषयी निर्बंध कायम आहेत. सबब भुसावळ व वरणगाव येथील आयुधनिर्माणींसारख्या जागांच्या आतील नोंदी करण्याच्या भरीस कोणी पडू नये.

आता कोणी म्हणेल की, उपग्रह आकाशातून सर्व पाहत असता आपण पायपीट कशास करावी? ह्याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. दूर बसून चित्रावरून रेघ ओढणाऱ्यास वाट दिसते. पण ती काळ्या रानातून जाते, ज्येष्ठात धुळीची असते आणि श्रावणात गुडघाभर चिखलाची होते, हे त्यास दिसत नाही. त्यास पाण्याची रेघ दिसते. पण तो नाला की पाट हे ओळखणे कठीण पडते. पांझरेच्या काठी साक्री व धुळे तालुक्यांत फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि उताराने पाणी फडावर जाते. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यावे, असा हा शेकडो वर्षांचा सामायिक बंदोबस्त आहे. धरणे, विहिरी व विजेचे पंप आल्यावर अनेक ठिकाणी तो मोडला. कोणता पाट अद्याप वाहता आहे, कोणता बुजला आणि कोणत्या फडाचे नावच काय ते उरले, हे गावच्या माणसावाचून कोण सांगणार?

जळगाव जिल्ह्यात हीच गोष्ट निराळ्या रूपाने आढळते. यावल व रावेर ह्या केळीच्या तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे खोल जात आहे. पाणी मुरविण्याच्या जागा कोणत्या आणि त्यांतल्या किती गाळाने भरल्या, हा तेथील जीवनमरणाचा प्रश्न आहे. शिरपूर तालुक्यात सन २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून त्यांवर एकामागून एक सिमेंटचे बंधारे बांधण्याचे काम झाले. ते ‘शिरपूर पॅटर्न’ ह्या नावाने सर्वश्रुत आहे. अशा एखाद्या नाल्यावरील सर्व बंधारे, त्यांची आजची स्थिती व त्यांत पाणी टिकते ते महिने एकाच नकाशावर आले, तर वरचे गाव व खालचे गाव एकमेकांची बाजू समोर ठेवून बोलू शकतील. प्रत्येक गाव आज आपल्या हद्दीपुरते पाहते. नाला मात्र हद्द पाहून वाहत नाही.

आमच्या मते प्रत्येक गावाने प्रथम चार गोष्टी नोंदाव्या. पहिली, वाटा: शिवरस्ते, पाणंदी, गाडरस्ते व त्यांवरील फरशी पूल, त्यांपैकी बारमाही कोणते आणि पावसाळ्यात बंद होणारे कोणते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठचा कोणता रस्ता आधी पाण्याखाली जातो, हे ठाऊक असणे किती मोलाचे आहे हे तेथील वाचकांस सांगणे नको. दुसरी, पाणी: नाले, पाट, बंधारे, गावतळी, सार्वजनिक विहिरी व हापसे. तिसरी, सर्वांच्या उपयोगाच्या जागा: शाळा, दवाखाना, जनावरांचा दवाखाना, रास्त भावाचे दुकान, गोदाम, स्मशानभूमी. चौथी, नावे: मळ्यांची, वस्त्यांची, पाड्यांची, नाल्यांची व टेकड्यांची. ज्यांचे अखेरचे दिवस धुळ्यास गेले त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांत इतिहास शोधला. आपण निदान ती नावे अहिराणीत जशी बोलतात तशी जपून ठेवावी. ह्या नकाशात एका ठिकाणास एकाहून अधिक नावे देता येतात; म्हणून शाळेच्या पाटीवरचे नाव व लोकांच्या तोंडचे नाव ही दोन्ही लिहावी.

रानातल्या वस्तीत रात्री कोणास साप चावला, तर मदतीस येणाऱ्या गाडीचा चालक वाट विचारीत फिरतो. ‘लिंबाच्या झाडापासून डावीकडे’ ही खूण गावकऱ्यास पुरते, परक्यास पुरत नाही. वस्तीचे नाव व तेथवर जाणारी बारमाही वाट नकाशावर असेल, आणि चालकाच्या हाती तो नकाशा असेल, तर अशा वेळी काही मिनिटे वाचतील. ह्या कामाचे महत्त्व पटण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

काम करण्याची रीत अवघड नाही. तिघांची तुकडी करावी: शिवार जाणणारा एक वडीलधारा, मोबाईल चालविणारा एक तरुण आणि वहीत टिपणारा एक. चैत्र-वैशाखात रान मोकळे असते, तेव्हा एकदा चालावे. भाद्रपदात त्याच वाटांनी पुन्हा चालून पावसाने काय बदलले ते पाहावे. मोबाईलवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे साधन घेतले, तर ते आधीच नकाशावर असलेल्या गोष्टींविषयी साधे प्रश्न विचारते, जसे रस्ता डांबरी की मातीचा. ‘वेस्पुची’ ह्या साधनाने नवी वाट किंवा नवी जागा घालता येते. रानात जाण्यापूर्वी घरीच नकाशा उतरवून घेतला, म्हणजे संपर्क नसेल तेथेही काम अडत नाही. वहीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख लिहावी. जे डोळ्यांनी पाहिले तेच नोंदावे. ऐकीव गोष्ट दुसऱ्या जाणत्याकडून पडताळल्यावाचून घालू नये. इतर कंपन्यांच्या नकाशांवरून किंवा सरकारी नकाशांवरून परवानगीवाचून उतरवून घेणे ह्या नकाशाच्या नियमांत बसत नाही. चूक झाली तर भिण्याचे कारण नाही. प्रत्येक बदलाचा मागचा पाढा शिल्लक राहतो व चुकीचे काम मागे घेता येते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. ह्या नकाशावर बांधाचा वाद सोडवू नये. मोबाईलची खूण मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होते, आणि केळीच्या बागेत किंवा झाडांखाली त्याहूनही अधिक. पाच मीटर म्हणजे तेहतीस फुटी साखळीतले सुमारे आठ आणे. जेथे हातभर बांधासाठी भाऊबंद पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत, तेथे आठ आण्यांची चूक घेऊन हद्द ठरवू पाहणे म्हणजे विस्तवाशी खेळ होय. हद्दीचे काम भूमी अभिलेख खात्याचे आहे. तसेच वाट नकाशावर दिसते म्हणून वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ह्यांखाली तहसीलदाराकडे दाद मागावी लागते. ज्या वाटेवर तंटा चालू आहे तिच्या नोंदीची घाई करू नये.

कोणाच्या शेतात काय पीक, कोणाची कूपनलिका किती खोल, घरात माणसे किती, हेही खुल्या नकाशावर कदापि घालू नये. पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः करतो. ती सातबाऱ्यासाठी आहे व तिची जागा तेथेच आहे. खुला नकाशा जसा आपण पाहतो तसाच जमिनीचा दलालही पाहतो. त्यावर एकदा गेलेली गोष्ट पुसली तरी तिचा माग राहतो.

आमच्या वडील पिढीतील कित्येक म्हणतील, ‘कागद झाला की त्यामागून कर येतो.’ ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १८५२ साली आपल्या पणज्यांनी ती जिवावर उदार होऊन बोलून दाखविली. त्यांचा रोष साखळीवर दिसला, तरी त्याचे खरे कारण हे होते की, काय मोजावे व कशासाठी मोजावे हे त्यांस कोणी विचारले नव्हते. ह्या खेपेस ते विचारणे आपल्या हाती आहे. म्हणून आमचा आग्रह असा की, वहीतील टिपणे नकाशावर चढविण्यापूर्वी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. जे सर्वांचे आहे व जे जगास दाखविण्यास सर्व राजी आहेत तेवढेच चढवावे. ज्यावर एकानेही रास्त हरकत घेतली ते वहीत राहू द्यावे. ही वहीही टाकून देऊ नये. तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी; मोबाईल दोन वर्षांत जुना होतो, वही पुष्कळ टिकते.

आमच्या वाचकांनी प्रथम एवढेच करावे. घरच्या मुलाकडून ह्या नकाशावर आपले गाव उघडून घ्यावे आणि शेजारी गावातील सर्वांत वृद्ध शेतकऱ्यास बसवून विचारावे, ‘बाबा, ह्यात काय नाही?’ ते जे सांगतील ते लिहून घ्यावे. येत्या चैत्रात चालावयाची वाट त्या यादीवरूनच ठरेल.