आमच्या जळगावचं भरीत!

नोकरीमुळे पुण्यात राहतो, पण थंडी पडली की मन खान्देशात धावतं. आमची भरिताची वांगी हिरवी, लांबट, कमी बियांची. 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची. धुरकट चव मुरते ती तिथेच. मग साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात परतून त्यात ठेचलेलं वांगं घालायचं.

जोडीला ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या हव्यातच. हिवाळ्यात जळगावकर मित्राने शेतात भरीत पार्टीला बोलावलं, तर हातातलं काम टाकून जा!