शिक्षकाच्या भरवशावर परदेशवारी

बीदर शहरात महमूद गवानचा मदरसा आजही उभा आहे. अर्धा ढासळलेला, पण निळ्या फरश्यांच्या खुणा अंगावर मिरवणारा. इराणच्या गिलान प्रांतातून आलेल्या या बहामनी वजिराने १४७२ मध्ये ही वास्तू बांधली आणि समुद्रापलीकडून विद्वान शिक्षक येथे बोलावून आणले. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये झालेल्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. जगातील विद्या त्या काळी बीदरच्या दारात चालत येत असे. आज याच जिल्ह्यातील मुलाला जग पाहायचे, तर त्याला स्वतः बाहेर पडावे लागते. आणि वय चौदा-पंधरा असेल तर सोबत बहुधा आईवडील नसतात, एक शिक्षक असतो.

शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या परदेशी नेतृत्व व अभ्यास कार्यक्रमांची आमंत्रणे अलीकडे खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचू लागली आहेत. मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्यांच्याबरोबर गेलेला शिक्षक छायाचित्रात असलाच तर कडेला उभा असतो. त्याचे काम नेमके काय, याची माहिती फारशी कोणाला नसते. सीमाभागात तर हे काम आणखी गुंतागुंतीचे होते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि बीदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक गावांत घरची भाषा मराठी राहिली. तेथील मराठी माध्यमाच्या शाळेतले मूल घरी मराठी बोलते, बाजारात दखनी उर्दू ऐकते, २०१५ च्या राज्य कायद्यानुसार कन्नड शिकते आणि इंग्रजीशी त्याची गाठ मुख्यतः पाठ्यपुस्तकात पडते. भाषा चार, पण परदेशी कार्यक्रमाचा अर्ज नेमका चौथ्या, सर्वांत कच्च्या भाषेत भरायचा असतो.

या कार्यक्रमांचे स्वरूप सारखे नसते. जपान सरकारने २००७ मध्ये सुरू केलेला ‘जेनेसिस’ हा आशियाई युवकांच्या देवाणघेवाणीचा उपक्रम आहे. जपानच्याच विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचा ‘साकुरा’ कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१६ पासून त्यात भारतीय शालेय विद्यार्थी जाऊ लागले. निवडलेली मुले पर्यवेक्षक शिक्षकांसह सुमारे आठवडाभर तेथील विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि शाळा पाहतात. याउलट, अमेरिकी सरकारने २००२ मध्ये सुरू केलेल्या केनेडी-लुगर युवक देवाणघेवाण कार्यक्रमात पंधरा ते सतरा वर्षांचा विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष तेथील एखाद्या कुटुंबात राहतो. तेथे शाळेचा शिक्षक बरोबर नसतो. पालकत्व यजमान कुटुंब आणि संयोजक संस्थेकडे जाते. आपल्या मुलाचा कार्यक्रम यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हा पालकांचा पहिला प्रश्न असायला हवा.

खेड्यातील मुलाच्या दृष्टीने या प्रवासाचा आरंभ विमानतळावर होत नाही. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतील संगणकावर होतो. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत प्रत्येक शाळेला सहावीपासून पुढच्या वर्गांतील पाच विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवता येतात आणि त्या कोणत्याही भारतीय भाषेत लिहिता येतात. निवड झालेल्या मुलाला नमुना बनविण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. योजनेची चाळणी अशी: देशभरातून एक लाख कल्पना, त्यांतून जिल्हा पातळीवर दहा हजार, राज्य पातळीवर एक हजार आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर साठ. या शेवटच्या फळीतील मुलांना जपानला जाण्याची संधी मिळत आली आहे. साठांत येणे अवघड आहेच. परंतु पाचांत येणे सर्वस्वी शाळेच्या हातात असते. शिक्षकाने नोंदणीच केली नाही, तर ज्वारीच्या मळणीचे दुःख पाहून एखाद्या मुलीने काढलेले यंत्राचे चित्र वहीतच राहते. मराठीत लिहिण्याची मुभा असल्याचे ज्या शिक्षकाला ठाऊक नाही, तो ‘आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही’ म्हणून हा विषय सोडून देतो. दुर्गमपणापेक्षा हे न कळणेच मुलांना अधिक महाग पडते.

निवड झाली की कागदपत्रे सुरू होतात. गोव्यातील वाचकाला पासपोर्टचे अप्रूप वाटणार नाही. येथे घरटी कोणी ना कोणी आखातात, जहाजावर किंवा युरोपात असतो. औराद तालुक्यातील शेतमजुराच्या घरात मात्र मुलाचा पासपोर्ट हा कुटुंबातील पहिला पासपोर्ट असू शकतो. अठरा वर्षांखालील अर्जदाराच्या पासपोर्टला सर्वसाधारणपणे एक हजार रुपये शुल्क असून त्याची मुदत पाच वर्षे किंवा वय अठरा होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तितकी असते. आई आणि वडील दोघांच्याही संमतीचे घोषणापत्र लागते. वडील पुण्याला किंवा हैदराबादला मजुरीस गेले असतील, तर एका सहीसाठी आठवडा जातो. जून २०१८ पासून अर्ज देशातील कोणत्याही कार्यालयातून करण्याची सोय झाली, त्यामुळे बेंगळुरूचा सुमारे सातशे किलोमीटरचा फेरा टाळता येतो. पोलीस पडताळणी मात्र गावच्या ठाण्यातूनच होते.

सर्वांत चिवट अडचण नावाची. मराठी रीतीप्रमाणे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लावला जातो. कर्नाटकातील नोंदींत पुष्कळदा नावापुढे वा नावामागे केवळ आद्याक्षर असते आणि आडनाव गळून पडते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे, अशी एकाच मुलाची तीन नावे तयार होतात. कन्नड लिपीतून रोमन लिपीत जाताना ‘ळ’ आणि ‘ड’ यांचे जे होते ते वेगळेच. ही किरकोळ बाब नव्हे. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली. पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरण्याची सवलत मिळाली. सावध शिक्षक म्हणूनच निवडीची वाट न पाहता आठवीत असतानाच मुलांच्या नोंदी एकसारख्या करून घेतो. या कामाचे श्रेय त्याला कोठेही मिळत नाही.

शिक्षकाची स्वतःची परवानगी हा आणखी एक भाग. सरकारी नोकराला पासपोर्टसाठी ना हरकत प्रमाणपत्र किंवा पूर्वसूचनेचे पत्र, परदेशवारीसाठी खात्याची अनुमती आणि रजा, असे सारे वेळेत जमावे लागते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या गौरवात एका गोष्टीचा आवर्जून उल्लेख होता: शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके परक्या भाषेत, म्हणून ते ती भाषा शिकले आणि धडे मुलींच्या भाषेत आणले. सीमेच्या या बाजूला जे मराठी मुलांचे होते, तेच त्या बाजूला कन्नड मुलांचे होते! त्याच डिसले गुरुजींना पुढे फुलब्राइट अभ्यासवृत्तीसाठी अमेरिकेला जायचे होते, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये रजेचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. जगाने गौरविलेल्या शिक्षकाची ही कथा, तर आळंदच्या एखाद्या सहशिक्षकाने अर्ज किती आधी करावा, याचा अंदाज यावा.

निघण्यापूर्वीची आवराआवर शिक्षकाच्या नजरेखालून जावी लागते. जपानमध्ये ठराविक प्रमाणापेक्षा अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली औषधे नेण्यास बंदी आहे. भारतात सर्दीवर सहज घेतली जाणारी एखादी गोळी तेथे अडचणीत आणू शकते. दम्याचा पंप, अपस्माराची गोळी यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. आहाराचा प्रश्न याहून नाजूक. बीदर-कलबुर्गीत शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि जपानी स्वयंपाकात निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही बहुधा माशाच्या अर्कात शिजविलेले असते. ही माहिती नोंदणीच्या वेळीच यजमानांना स्पष्ट लिहून कळवावी लागते. ताटावर बसल्यावर सांगून उपयोग होत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी आठवडाभर टिकते, हा अनुभव या भागातील कोणत्याही आजीला असतो आणि अशा वेळी तो कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा अधिक कामी येतो.

तेथे पोहोचल्यावर काम बदलते. रात्री खोल्यांतील मुले मोजणे, पासपोर्ट एकत्र ठेवणे, जपान साडेतीन तास पुढे असल्याने घरी फोन केव्हा लावायचा हे ठरविणे, ही झाली बाहेरची कामे. खरी कसोटी चर्चेच्या टेबलाशी लागते. नेतृत्व कार्यक्रमांत व्याख्यान कमी आणि गटकार्य अधिक असते. मुलांनी प्रश्न विचारावेत, असहमती दाखवावी, शेवटी गावी परतल्यावर काय करणार याचा आराखडा मांडावा, अशी अपेक्षा असते. ‘जेनेसिस’मध्ये असा कृती आराखडा सादर करणे हा कार्यक्रमाचाच भाग आहे. आपल्या वर्गात प्रश्न शिक्षक विचारतो आणि उत्तर ठरलेले असते. त्यामुळे पहिले दोन दिवस मूल गप्प राहते. त्या गप्पपणाचा अर्थ परक्यांना ‘कळत नाही’ असा वाटतो. सोबतच्या शिक्षकालाच ठाऊक असते, की ते मनातल्या मनात आधी मराठीत वाक्य जुळवीत आहे.

अशा क्षणी शिक्षकाने स्वतः उत्तर देऊन वेळ भागविणे सोपे. ते टाळणे अवघड, आणि बहुतेक जण तेथेच चुकतात. मुलाला मराठीत बोलू द्यावे, मग त्याच्याच शब्दांचे इंग्रजी त्याच्याकडून दोन-तीन वाक्यांत करून घ्यावे, अर्थात काही भर घालू नये. डिसले यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त देशांतील मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे संगणकावरून एकमेकांशी बोलते केले जात असे. परदेशी निघण्यापूर्वी महिनाभर असा सराव वर्गातच करून घेता येतो. त्याला पासपोर्ट लागत नाही.

विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रापार जाण्याची मराठी परंपरा तशी जुनी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. अलीकडे रत्नागिरी जिल्हा परिषदेने, आणि पाठोपाठ पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोल संस्थेच्या साहाय्याने परीक्षा घेऊन, सरकारी शाळांतील मुलांना अमेरिकेतील नासा पाहण्यास पाठविण्याचे ठरविले. या योजनांत खर्च जिल्हा परिषदेचा. बीदर-कलबुर्गीतील मराठी मुले महाराष्ट्राच्या अशा योजनांत बसत नाहीत. संविधानाच्या ३७१ (जे) अनुच्छेदाने कल्याण कर्नाटकाला शिक्षण व नोकरीत प्रादेशिक आरक्षण दिले असले, तरी परदेशी कार्यक्रमांच्या निवडीशी त्याचा थेट संबंध येत नाही. त्यांच्यासाठी उरतात केंद्राच्या योजना आणि बसवकल्याण तालुक्यातील नवोदय विद्यालयासारख्या संस्था.

ही पोकळी काही खासगी आयोजक हेरतात. ‘आपल्या पाल्याची जागतिक नेतृत्व परिषदेसाठी निवड झाली आहे’ असे पत्र येते. परीक्षा झालेली नसते, मात्र दोन-तीन लाख भरण्याची तारीख छापलेली असते. असे सारेच कार्यक्रम फसवे असतात असे नाही. काही म्हणजे सरळ सहल असते, फक्त नाव भारदस्त. पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाने चार गोष्टी लेखी मागाव्यात: तिकीट व विमा कोणाच्या नावाने, परदेशात कायदेशीर पालक कोण, मूल आजारी पडल्यास मध्येच परत आणण्याचा खर्च कोणाचा, आणि रद्द झाल्यास परतावा किती दिवसांत. सरकारी कार्यक्रमांत प्रवास व निवासाचा मुख्य खर्च यजमान उचलतात. ‘निवड’ झाल्यावर मोठी रक्कम मागितली जात असेल तर तेथेच थांबून चौकशी करावी.

परतल्यानंतर शिक्षकाला अहवाल द्यावा लागतो, पालकांना पासपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या परत करायच्या असतात, आणि मुलाने मांडलेल्या आराखड्यातील निदान एक गोष्ट, मग ती शाळेच्या आवारातील कचऱ्याची का असेना, वर्ष संपण्यापूर्वी उभी करायची असते. तोवर ‘इन्स्पायर’च्या नव्या नोंदणीचे दिवस येतात आणि शाळेला पुन्हा पाच कल्पना पाठवायच्या असतात.